मध्यवस्तीची गजबज

पुणे शहराचा विस्तार आज चहूदिशांना कित्येक किलोमीटर झाला आहे. उपनगरांत मोठी दुकाने निघाली, वातानुकूलित बाजारसंकुले उभी राहिली, वाहने ठेवण्यास प्रशस्त जागाही मिळाली. तरीही घरी लग्नकार्य निघाले की हडपसरचे काय किंवा चिंचवडचे काय, कुटुंब खरेदीसाठी लक्ष्मी रस्त्यावर येते आणि नव्या संसाराची भांडीकुंडी घेण्यास तुळशीबागेत शिरते. ही ओढ कशामुळे निर्माण झाली आणि ती पुढेही टिकावी यासाठी काय करावयास हवे, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

निव्वळ सवयीने ही ओढ टिकली असे म्हणता येणार नाही. सवय दोन पिढ्यांत मोडते. खरे कारण त्या परिसराच्या दिनक्रमात सापडते. सकाळी महात्मा फुले मंडईत भाजीचे गाळे उघडतात तेव्हा तेथे येणारा ग्राहक प्रामुख्याने लगतच्या पेठांतील रहिवासी असतो. दुपारी तुळशीबागेत स्त्रियांची वर्दळ सुरू होते. पेशवाईत नारो अप्पाजी खिरे यांनी उभारलेल्या राममंदिराभोवती बांगड्या, तांब्यापितळेची भांडी, देवपूजेचे साहित्य आणि मुलींची भातुकली यांची दुकाने दाटीवाटीने वसली आहेत. सायंकाळी लक्ष्मी रस्त्यावरील साड्यांच्या व सराफांच्या पेढ्या उजळतात. दुकाने बंद झाल्यानंतरही माडीवरच्या खिडकीत दिवा असतो, ओट्यावर कोणी गप्पा मारीत बसलेले असते. एकच रस्ता वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या माणसांच्या उपयोगी पडतो. म्हणून तो कधी ओस पडत नाही.

अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हेच तत्त्व मांडले. वापरांची सरमिसळ, आखूड गल्ल्या, जुन्या इमारती आणि वस्तीची दाटी या चार गोष्टींवर शहराचे चैतन्य अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुण्यातील पेठा त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हत्या. पण कसब्यातील तांबट आळी, बुरूड आळी किंवा अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने पाहणाऱ्यास हे प्रतिपादन ओळखीचे वाटावे.

मंडईच्या इमारतीचा इतिहासही या दृष्टीने मनोरंजक आहे. १८८६ साली ती 'रे मार्केट' या नावाने सुरू झाली. तिच्यावरील खर्चास नगरपालिकेचे सदस्य या नात्याने महात्मा जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीस फुले यांचे नाव देण्यात आले! पुण्यातील गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीचा प्रारंभ याच मंडईजवळील लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापासून होतो. बाजार, उत्सव आणि सार्वजनिक जीवन यांची अशी एकत्र वीण नव्या जागी आराखडा काढून विणता येत नाही.

चार गोष्टींपैकी जुन्या इमारतींचा प्रश्न मात्र सर्वांत बिकट आहे. नव्या इमारतीतील गाळ्याचे भाडे कारागिराला परवडत नाही; वाड्यातील जुन्या भाड्याच्या खोलीत तो आपला धंदा चालवू शकतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूस जे संरक्षण दिले, त्यामुळे अनेक लहान व्यवसाय व सामान्य कुटुंबे पेठांमध्ये टिकून राहिली, ही वस्तुस्थिती आहे. पण त्याच गोठलेल्या भाड्यामुळे वाड्याची डागडुजी करणे मालकास परवडेनासे झाले. पावसाळ्यात भिंत खचते, मग वाडा उतरविण्याची नोटीस निघते आणि भाडेकरू सिंहगड रस्त्यावर किंवा धायरीला राहावयास जातो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमानेही हा पेच पुरता सुटलेला नाही. मालक आणि भाडेकरू या दोघांचीही बाजू खरी असल्यामुळे यात खलपुरुष शोधण्यात अर्थ नाही.

वाडा पडून नवी इमारत होते तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. लहानशा भूखंडावर वाहनतळाची सोय करण्यासाठी तळमजला खांबांवर मोकळा सोडला जातो. जेथे ओटा आणि दुकान होते तेथे लोखंडी फाटक येते. अशी चार फाटके ओळीने आली की गल्ली मुकी होते. त्याऐवजी शेजारच्या भूखंडांचा एकत्रित पुनर्विकास करून वाहनांची सोय एका ठिकाणी केल्यास रस्त्यालगतचा तळमजला दुकानांसाठी व कारागिरांसाठी राखता येईल, आणि मूळ भाडेकरूस त्याच पेठेत घर देणेही सुकर होईल. मंडईजवळील 'आर्यन' या जुन्या चित्रपटगृहाच्या जागी आज वाहनतळ आहे. सोय झाली खरी. पण खेळ सुटल्यावर बाहेर पडणारी गर्दी त्या कोपऱ्यास कायमची दुरावली.

वाहने नसली तर ग्राहक येणार नाहीत, ही व्यापाऱ्यांची भीती जुनी आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहराने १९६२ मध्ये 'स्ट्रॉयट' हा बाजाररस्ता पादचाऱ्यांसाठी राखला, तेव्हा तेथील दुकानदारांनीही हाच आक्षेप घेतला होता. आज तो रस्ता त्या राजधानीचे एक मुख्य आकर्षण आहे. पुणे महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन पाळून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस वाहनमुक्त ठेवला. एका दिवसाच्या प्रयोगावरून व्यापाराचे अनुमान काढणे घाईचे ठरेल. तथापि त्या दिवशी मुले जेथे खेळली तेथे एरवी पाऊल टाकणे कठीण असते, एवढे तरी सर्वांना दिसले.

सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो कसबा पेठ व मंडईपर्यंत पोहोचल्याने वाहनाविना येण्याची मोठी सोय झाली आहे. मात्र स्थानकाच्या जिन्यावरून वर आलेल्या ग्राहकास पहिल्या शंभर पावलांतच पदपथ सापडला पाहिजे. पथविक्रेत्यांना तेथून हुसकून तो मोकळा करण्याचा मोह टाळावयास हवा; २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने त्यांच्या उपजीविकेस मान्यता दिली असून, नेमून दिलेल्या जागी बसलेला विक्रेता हा बाजाराचाच घटक आहे. आणि तुळशीबागेत ज्या स्त्रियांच्या खरेदीवर शेकडो दुकाने चालतात, त्यांच्यासाठी स्वच्छ प्रसाधनगृहे आणि घटकाभर टेकावयास बाके हवीत. दोन्ही हातांत पिशव्या आणि कडेवर मूल घेऊन उन्हात उभी असलेली गृहिणी पुढच्या खेपेस कोठे जावयाचे, हे तेथेच ठरवीत असते.