रक्तवाढीची गोळी आणि झाडपाल्याचे औषध



औषधी नसलेली वनस्पती शोधून आण, असे तक्षशिलेच्या आचार्यांनी जीवकाला सांगितले. योजनभर फिरूनही त्याला एकही मिळाली नाही. प्रत्येक वनस्पतीत गुण आहे, तर परिणामही होणारच. मग 'झाडपाला आहे, अपाय नाही' हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

जळगाव-धुळ्यात शाळेतल्या मुलींना, गरोदर भगिनींना रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात. त्यांनी शौचास साफ होत नाही म्हणून आपण लगेच त्रिफळा चूर्ण देतो. हिरड्या-बेहड्यातील तुरट टॅनिन गोळीतील लोहाला धरून ठेवते. रक्तात ते कमी उतरते. चहाचेही तेच. दोन तासांचे अंतर तरी ठेवावे.

कोरोनाकाळात गुळवेल घरोघरी आली. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. ती वनस्पती गुळवेलच होती हे तपासलेले नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आम्हाला तर या आक्षेपानेच जास्त काळजी वाटते. बाजारातल्या पुडीत काय आहे, हे आपल्यालाही कुठे ठाऊक असते?

डॉक्टरांनी विचारले की आपण गोळ्या सांगतो, काढा सांगत नाही. तो सांगावा, पुडी सोबत न्यावी.