आरटीएक्स ५०६० की आरएक्स ९०६० एक्सटी? आधी तुमचा मदरबोर्ड सांगा

बसमध्ये असाल, मेसच्या रांगेत असाल, लेक्चरला मागच्या बाकावर असाल, आवाज जरा कमी ठेवा आणि ऐका. आज विषय एकच. घरी १०८०पी मॉनिटर आहे, पीसीवर गेमिंग करायचंय, हातात तीस ते चाळीस हजार आहेत. ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यायचं? एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० की एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी?

या प्रश्नावर पोरं अशी भांडतात की जणू कंपनीत यांचे शेअर्स आहेत. हिरवा गट, लाल गट. माझं दोन्हीकडे काही देणंघेणं नाही. पण एक गोष्ट मात्र मला खटकते. हे भांडण नेहमी एफपीएसच्या तक्त्यावर चालतं आणि तो तक्ता ज्या पीसीवर काढलेला असतो तसा पीसी आपल्यापैकी फार कमी जणांच्या घरी असतो.

आधी दोघांची ओळख करून घेऊ. ५०६० बाजारात आलं १९ मे २०२५ ला. तेव्हाची किंमत २९९ डॉलर, मेमरी ८ जीबी, ती जीडीडीआर७ म्हणजे नव्या प्रकारची आणि वेगवान. वीज १४५ वॅट. गंमत बघा, हे कार्ड आलं तेव्हा बऱ्याच रिव्ह्यू करणाऱ्यांकडे त्याचा ड्रायव्हरच आधी पोचलेला नव्हता. त्यामुळे विक्री सुरू झाली त्या दिवशी स्वतंत्र रिव्ह्यू जवळजवळ नव्हतेच. कार्ड वाईट आहे असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण माझे कान टवकारले एवढं खरं.

९०६० एक्सटी आलं ५ जूनला. इथे नीट ऐका, कारण इथेच लोक फसतात. ९०६० एक्सटी नावाची दोन कार्डं आहेत. एक ८ जीबीचं, बाजारात आलं तेव्हा २९९ डॉलरला. दुसरं १६ जीबीचं, तेव्हा ३४९ डॉलरला. चिप तीच, नाव तेच, खोक्याचा रंगही तोच. फरक फक्त मेमरीचा. एएमडीचे फ्रँक एझॉर यांनी तेव्हा असं मत मांडलं होतं की बहुतेक गेमर १०८०पीवर खेळतात, त्यांना ८ जीबीपेक्षा जास्त लागत नाही. म्हणजे या एका बाबतीत लाल आणि हिरवे दोघंही एकाच माळेचे मणी. मी आज ज्या ९०६० एक्सटीबद्दल बोलणार आहे ते १६ जीबीवालं. ८ जीबीवाल्याबद्दल माझं मत दोन शब्दांत: नका घेऊ.

तेव्हाच्या किमतीत डॉलरचा फरक पन्नास. त्यावर आपला १८ टक्के जीएसटी धरला तर हिशोबाने पाच हजारांच्या आसपास. दुकानात हा आकडा कधी कमी, कधी जास्त असतो. आता सगळा प्रश्न असा की ते पाच हजार द्यायचे की नाही.

ही चर्चा माझ्या घरातच झाली म्हणून सांगतो. माझा मामेभाऊ कराडला डिप्लोमा करतो. दोन सुट्ट्या काम करून आणि आजीकडून थोडे घेऊन त्याने चाळीस हजार जमवले. मामाचा मला फोन. "तू इंजिनियर ना? मग सांग त्याला काय घ्यायचं ते. एवढ्यात गाडीचं डाऊन पेमेंट झालं असतं. घेतोय तर घेऊ दे, पण एकदाच. दोन वर्षांनी परत मागायला आला तर मी ऐकणार नाही." म्हणजे मुद्दा मामाने बरोबर पकडला होता. आपल्याकडे कार्ड दर वर्षी बदलायची गोष्ट नाही. पाच वर्षं तरी चालायला हवं.

त्याचा पीसी असा: रायझेन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय. असे पीसी तुमच्यापैकी कितीतरी जणांकडे असतील. काहींकडे दहाव्या जनरेशनचा आय५ असेल. आता या पीसीत दोन्ही कार्डं बसवून बघू.

ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डशी बोलतं ते पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून. या रस्त्याला लेन असतात. ९०६० एक्सटी १६ लेन वापरतं, ५०६० फक्त ८. नव्या मदरबोर्डवर याने काही बिघडत नाही, कारण तिथे प्रत्येक लेन वेगवान असते. पण बी४५० वर आणि दहाव्या जनरेशनच्या इंटेलवर स्लॉट पीसीआय ३.० चा असतो. तिथे एका लेनमधून सेकंदाला साधारण १ जीबी डेटा जातो. म्हणजे ९०६० एक्सटीला १६ जीबीचा रस्ता, ५०६० ला ८ जीबीचा. अर्धा.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? एरवी फारसं काहीच नाही. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत सगळं मावतंय तोवर हा रस्ता बऱ्यापैकी रिकामाच असतो. ५०६० ची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी या वेगाने वाचली जाते. ९०६० एक्सटीची ३२०. म्हणजे कागदावर ५०६० पुढे! पण ज्या क्षणी गेमला साडेआठ-नऊ जीबी लागतात, त्या क्षणी वरचा माल रॅममध्ये जाऊन पडतो आणि लागेल तेव्हा त्या स्लॉटच्या रस्त्याने आणावा लागतो. ४४८ वरून थेट ८ वर. एक्स्प्रेसवेवरून उतरून बाजाराच्या दिवशी पेठेत शिरल्यासारखं. ८ जीबी मेमरी आणि ८ लेन, हे दोन्ही एकाच कार्डात असणं ही जुन्या पीसीवाल्यांसाठी सगळ्यात वाईट जोडी आहे.

आणि हे सरासरी एफपीएसमध्ये दिसत नाही. हा हिशोब एकदा करून बघा. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलीसेकंद. समजा एका सेकंदात ५९ फ्रेम सव्वापंधरा मिलीसेकंदात आल्या आणि एका फ्रेमला १०० लागले. एकूण झाले १००० मिलीसेकंद, फ्रेम ६०. तक्त्यात लिहिणार: ६० एफपीएस, एकदम मस्त. प्रत्यक्षात तुम्हाला दर सेकंदाला एक झटका बसतोय आणि डोकं दुखतंय. म्हणून रिव्ह्यू बघताना सरासरीच्या खाली "वन पर्सेंट लो" असं जे लिहिलेलं असतं, ते बघा. तो आकडा सरासरीच्या निम्म्याच्याही खाली असेल तर तो गेम त्या कार्डावर रखडतोय.

काही गेम तर झटकाही देत नाहीत, गुपचूप टेक्स्चर खालच्या दर्जाची लावतात. भिंत जवळ जाऊनही धुरकट. एफपीएस उत्तम, चित्र भिकार. २०२३ मध्ये "द लास्ट ऑफ अस पार्ट वन" पीसीवर आला तेव्हा ८ जीबी कार्डांवर त्याची काय अवस्था होती हे तेव्हा खेळलेल्यांना आठवत असेल. पुढे अपडेट येऊन तो सुधारला. पण २०२४ च्या शेवटी आलेला "इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल" घ्या. त्यात टेक्स्चरसाठी किती मेमरी राखायची हे सेटिंग आहे आणि ८ जीबीवर ते खाली आणावंच लागतं. त्या गेमला रे ट्रेसिंगवालं कार्डच लागतं, २०२५ मधल्या "डूम: द डार्क एजेस" लाही. म्हणजे रे ट्रेसिंग आता हौस राहिलेली नाही, काही गेममध्ये ती सक्तीची झाली आहे. आणि रे ट्रेसिंग स्वतः मेमरी खातं.

मला खरा राग कशाचा येतो सांगू? २०१६ मध्ये आरएक्स ४८० आलं होतं, ८ जीबीचं, २३९ डॉलरला. २०२१ मध्ये एनव्हिडियाच्याच आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी होती. मग २०२३ च्या ४०६० ला ८ आणि २०२५ च्या ५०६० लाही ८. नऊ वर्षांत गेम कुठल्या कुठे गेले आणि मेमरी आहे तिथेच. उलट मागे.

आता दुसरी बाजू, कारण एनव्हिडियाची बाजू मांडल्याशिवाय हा भाग पूर्ण होणार नाही. डीएलएसएस. गेम कमी रिझोल्यूशनवर चालवायचा आणि एआयने चित्र मोठं करायचं, हे तंत्र एनव्हिडियाने वर्षानुवर्षं घासूनपुसून चकचकीत केलंय आणि ते चालणाऱ्या गेमची यादी लांबलचक आहे. एएमडीने एफएसआर ४ मध्ये पहिल्यांदा मशीन लर्निंग नीट वापरलं आणि दर्जा एकदम वर नेला. ९०६० एक्सटीवर ते चालतं. पण त्याची यादी तुलनेने छोटी आहे. तुमचा आवडता गेम त्यात आहे का, हे घ्यायच्या आधी तपासा. "सायबरपंक २०७७" मध्ये पाथ ट्रेसिंग लावून फिरायचंच असेल तर तिथे एनव्हिडिया अजून पुढे आहे. साध्या रेंडरिंगमध्ये मात्र ९०६० एक्सटी ५०६० च्या थोडं पुढेच धावतं.

जाहिरातीत दिसणारं मल्टी फ्रेम जनरेशन मात्र जपून घ्या. एका खऱ्या फ्रेममागे तीन बनवलेल्या फ्रेम दाखवायच्या. तीसचे एकशेवीस दिसतात, पण माऊस हलवल्यावर प्रतिसाद तीसचाच मिळतो, किंबहुना थोडा उशिराच. ज्या पीसीवर आधीच साठ-सत्तर येतायत आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, तिथे ते छान दिसतं. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर ते घेऊन करणार काय? आणि फ्रेम जनरेशनला स्वतःला मेमरी लागते. म्हणजे ८ जीबीवाल्याला पुन्हा तोच त्रास.

गेमिंगशिवाय काम असेल तर उत्तर बदलतं. ब्लेंडर शिकताय, मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट आहे, कॉलेजात सगळा कोड कूडावर चाललाय, तर एनव्हिडिया घेतल्याने तुमचे कित्येक रविवार वाचतील. एएमडीवर होत नाही असं नाही, पण इन्स्टॉल करण्यातच जीव जातो. मी रोज सॉफ्टवेअर लिहितो, तरी मला तो वैताग नको असतो. फक्त तिथेही ८ जीबी आडवे येतातच. मॉडेल मेमरीत मावलं नाही तर कूडा असून उपयोग काय? अशांनी जमल्यास पैसे साठवून ५०६० टीआयचं १६ जीबी मॉडेल बघावं, ते २०२५ मध्ये आलं तेव्हा ४२९ डॉलरचं होतं. नाहीतर गेमिंगचं कार्ड घ्यावं आणि शिकण्यापुरतं गूगल कोलॅब वापरावं. ते फुकटात सुरू करता येतं.

आणि फक्त व्हॅलोरंट खेळत असाल तर? मग यातलं काहीच घेऊ नका. व्हॅलोरंटचा भार मुख्यतः प्रोसेसरवर असतो. त्या पैशात चांगला १४४ हर्ट्झ मॉनिटर घ्या, फरक पहिल्या मॅचला कळेल. मामेभावालाही मी आधी हेच विचारलं. तो म्हणाला, "दादा, व्हॅलोरंट मित्रांसोबत. एकट्याने मला वुकाँग खेळायचाय." ठीक आहे, मग कार्ड हवंच.

आता एसएमपीएस. याबद्दल कोणी बोलत नाही आणि पीसी इथेच जळतो. १०५० टीआय स्लॉटमधूनच ७५ वॅट घेतं, बहुतेक मॉडेल्सना वेगळी केबल लागत नाही. त्यामुळे कॅबिनेटसोबत आलेला स्वस्तातला एसएमपीएस त्याच्याकडे चार वर्षं निमूट चालला. नव्या दोन्ही कार्डांना साधारणपणे एक आठ-पिन केबल लागते आणि त्याच्या एसएमपीएसला ती नव्हतीच. दुकानदार म्हणाला, "कन्व्हर्टर लावून देतो, काही होत नाही." असं कन्व्हर्टर लावू नका. ९०६० एक्सटी १६ जीबी १६० वॅटचं आहे, फार भूक नाही त्याला. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझवाला ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

त्याने शेवटी ९०६० एक्सटी १६ जीबी घेतलं, तीनपैकी दोन पंखेवालं साधं मॉडेल. आरजीबी दिव्यांचे जादा पैसे दिले नाहीत आणि ते एसएमपीएसमध्ये घातले. प्रोसेसर त्याला काही गेममध्ये मागे ओढतो, पण त्याच बोर्डवर बायोस अपडेट करून पुढे रायझेन ५ ५६०० बसवता येईल. ते वर्षभराने.

तुमच्याकडे बी५५० सारखा नवा बोर्ड असेल, बाराव्या जनरेशनच्या पुढचा इंटेल असेल, तर लेनची चिंता सोडा. मेमरीची मात्र सोडू नका. तुमचा स्लॉट कुठला हे बघायला जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात "बस इंटरफेस" समोर लिहिलेलं असतं. आत्ताच्या कार्डाची मेमरी भरतेय का हे बघायचं असेल तर गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर क्लिक करा. डेडिकेटेड मेमरी काठोकाठ आणि शेअर्ड मेमरी वाढतेय, म्हणजे माल पेठेतून येतोय.

खरेदी लॅमिंग्टन रोडवर करा, तापकीर गल्लीत करा नाहीतर ऑनलाइन. तीन ठिकाणचा भाव त्याच दिवशी विचारा, कारण मेमरीच्या किमती हलल्या की कार्डांच्याही हलतात. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. "बिलाशिवाय दोन हजार कमी" म्हणणाऱ्याला नमस्कार करा, वॉरंटीच्या वेळी तो ओळखणार नाही. आणि पैसे देण्याआधी खोकं उलटं करून मेमरीचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. दुकानदार नुसतं "नव्वद-साठ एक्सटी" म्हणाला तर विचारा, "आठ का सोळा?"

पुढच्या भागात सेकंड हँड कार्ड कसं तपासायचं ते बघू. बरेच मेसेज आलेत त्यावर.