लहरी लोकांच्या, मनोरे कोणासाठी?

(मालवण येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)

'बिनतारी' फोन म्हटला की तो आकाशातून आपोआप घरोघरी उतरतो, असा समज होतो. पण लहर मनोऱ्यावरून येते, मनोऱ्याला वीज लागते आणि तो कोठे उभारावयाचा हे कोणीतरी ठरवीत असते. आपला प्रश्न या ठरविणाऱ्याला आहे.

गावोगाव तारा ओढण्यापेक्षा लहर स्वस्त पडते. म्हणूनच गरीब देशांतील खेड्यांपर्यंत फोन पोहोचला, हे मान्य केले पाहिजे. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाईल आला आणि मच्छीमार समुद्रातूनच बंदराबंदरांचे भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये त्याचा हिशेब मांडला. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, गिऱ्हाइकाला तारली ४ टक्के स्वस्त मिळाली आणि मासळी फेकून देण्याची पाळी जवळजवळ संपली.

परंतु आपल्या जिल्ह्यात किनारा सोडून सह्याद्रीकडे वळले की लहर डोंगराआड अडते. वीस घरांच्या वाडीसाठी मनोरा उभारणे खासगी कंपनीच्या नफ्याच्या गणितात बसत नाही. २०२० च्या टाळेबंदीत याच जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी डोंगरावरच्या झोपडीत बसून शिकत होती. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले. तिला डोंगर का चढावा लागला, हा प्रश्न मात्र मागे पडला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात वीज गेली आणि तिच्यामागोमाग फोनही मुके झाले.

लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्याच वर्षी देशात मोबाईल सेवा सुरू झाली. ग्रामीण सेवेसाठी २००२ पासून कंपन्यांच्या महसुलातून निधी घेतला जातो. २०२३ च्या कायद्याने त्यालाच 'डिजिटल भारत निधी' असे नाव दिले. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० वंचित गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर करून ती भारत संचार निगमकडे सोपविली. तेव्हा आपण मागतो ते दान नव्हे, हक्क होय.

राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांना गादी दिली. सामान्यांचा किमान दर्जा उंचावणे, हीच कसोटी येथेही लावली पाहिजे. ग्रामसभांनी लहर न पोहोचणाऱ्या वाड्यांची यादी ठरावाने करावी. वीज गेल्यावर मनोरा किती तास चालेल, याची लेखी हमी मागावी. आणि वाडीवाडीत जाऊन ही यादी तयार करण्याचे काम, साथींनो, तुमचे आहे.