रेसकोर्सवरची हॅट: जुनी रूढी की नवी हौस?

ॲस्कॉटच्या शर्यती इंग्लंडच्या राणी ॲनने १७११ मध्ये सुरू केल्या. आजही जूनमधल्या त्या पाच दिवसांची वर्तमानपत्रांतली छायाचित्रे पाहिली, तर घोड्यांपेक्षा हॅटच अधिक दिसतात. त्यावरून सहज वाटते, की शर्यतीला तऱ्हेवाईक हॅट घालून जाण्याची चालही तीनशे वर्षांची असणार. माझे म्हणणे असे, की ही चाल आज दिसते त्या रूपात फार तर साठेक वर्षांची आहे, आणि रोजची हॅट सुटली म्हणूनच ती फोफावली.

यावर पहिला आक्षेप १९१० च्या ॲस्कॉटचा येईल. त्या मे महिन्यात राजा सातवा एडवर्ड वारला आणि जूनमध्ये सगळी उच्चभ्रू मंडळी सुतकी काळ्या पोशाखात शर्यतीला आली. बायकांच्या डोक्यावर परातीएवढ्या काळ्या हॅट, त्यांवर शहामृगाची पिसे. याहून भपका तो कोणता? भपका खराच, पण तो शर्यतीपुरता नव्हता. त्या पिढीतल्या बायका तसल्याच हॅट घालून भेटीगाठींना जात, नाटकालाही जात. मागच्यांना रंगमंच दिसेना म्हणून नाटकगृहात हॅट उतरवावी, असे नियम अमेरिकेतल्या काही शहरांना १८९० च्या दशकातच करावे लागले होते. त्या वर्षीच्या ॲस्कॉटचे नवल होते ते रंगाचे. एवढी मोठी हॅट कुणालाच नवी नव्हती.

खरी कलाटणी १९६० च्या दशकातली. १९६५ मध्ये मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन रेसकोर्सवर, व्हिक्टोरिया डर्बीच्या दिवशी, जीन श्रिम्प्टन ही इंग्लिश मॉडेल गुडघ्याच्या वर जाणाऱ्या पांढऱ्या झग्यात आली. हॅट नाही, हातमोजे नाहीत, पायमोजे नाहीत. गहजब झाला. दोनतीन दिवसांनी मेलबर्न कपला ती हॅट घालून आली खरी. पण डोके झाकणे हा शिष्टाचार आता मोडता येतो, हे सगळ्यांनी पाहिले होते. त्याच दशकात ॲस्कॉटला गर्ट्रूड शिलिंग या बाईंनी उलटा रस्ता धरला. शाळकरी वयातल्या मुलाने, डेव्हिडने, कल्पिलेल्या अचाट हॅट त्या घालू लागल्या. पुढे एका वर्षी तर डोक्यावर चक्क जिराफ होता. छायाचित्रकार त्यांची वाट पाहू लागले. एकीने हॅट टाकली, दुसरीने तिचे सोंग केले, आणि दोघींनाही ते शक्य झाले याचे कारण एकच: हॅट सक्तीची उरली नव्हती. आपल्याकडे फेट्याचे वेगळे काय झाले? रोजच्या डोक्यावरून तो उतरला आणि लग्नात, पाडव्याच्या शोभायात्रेत पूर्वी कधी नव्हता इतका रंगीत होऊन बसला.

कुणी म्हणेल, ॲस्कॉटला तर आजही नियम आहेत, मग हौस कसली? नियम आहेत, आणि ते वाचण्यासारखे आहेत. केसांत खोचायची पिसाफुलांची नाजूक आभूषणे वाढली, तेव्हा २०१२ पासून तिथल्या ‘रॉयल एन्क्लोजर’ या खास विभागासाठी ठरवले गेले, की डोक्यावरच्या वस्तूचा भरीव तळ निदान चार इंचांचा हवा. इंच मोजायची पाळी येते ती रूढी आपसूक पाळली जाईनाशी होते तेव्हाच. पुरुषांची गोष्ट तर अधिक मासलेवाईक. त्यांच्या उंच काळ्या हॅटला लागणारे जुने रेशमी कापड आता विणले जात नाही, म्हणून पणजोबांच्या काळातल्या हॅट चढ्या भावाने विकत घेतल्या जातात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: हा निव्वळ श्रीमंतीचा देखावा आहे. तो देखावा आहेच. पण श्रीमंत मंडळी ऑपेरालाही जातात, विम्बल्डनलाही जातात; तिथे डोक्यावर जिराफ नसतो. शर्यतीचे वेगळेपण तिच्या वेळापत्रकात आहे. अमेरिकेतली केंटकी डर्बी दोन मिनिटांत आटोपते, मेलबर्न कपची ३,२०० मीटरची धाव साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर. आणि माणसे तर दिवसभर मैदानावर असतात. शर्यतीआधी पॅडॉकमध्ये घोडे फिरवून दाखवतात, लोक त्यांची चाल आणि अंगकांती न्याहाळून पैसे लावतात. दिवसभर पारखणे हाच जिथे उद्योग, तिथे नजर घोड्यावरून शेजारणीच्या डोक्यावर जायला वेळ लागत नाही. फ्लेमिंग्टनने १९६२ मध्ये पोशाखांची स्पर्धाच सुरू करून त्या नजरेला बक्षीस लावले.

राहिले आपले मुंबईतले महालक्ष्मी रेसकोर्स. इंडियन डर्बी १९४३ पासून धावते, आणि फेब्रुवारीतल्या त्या रविवारी मुंबईकर बायकांच्या डोक्यांवर आता हॅट दिसतात. ही साहेबाची नक्कल, असा शेरा ठरलेला. पण लुईव्हिलच्या मेरिवेदर लुईस क्लार्कनेही इंग्लंडमधल्या एप्समच्या आणि पॅरिसच्या शर्यती पाहूनच १८७५ मध्ये केंटकी डर्बी उभी केली. फरक आहे तो दुसराच. लुईव्हिलच्या बायका त्या काळी एरवीही हॅट घालूनच घराबाहेर पडत. मुंबईतल्या साडी नेसणाऱ्या घरांत हॅट कधी रोजची नव्हतीच, त्यामुळे त्या घरांतल्या मुलींना ती महालक्ष्मीवर भेटली ती थेट हौसेची वस्तू म्हणूनच.