उपवासातला नाताळ



कामानिमित्त फिरताना एक नाताळ मी इथिओपियात, अदिस अबाबाला काढला. देशात ख्रिस्ती परंपरा फार जुनी, पण तिथला नाताळ, म्हणजे ‘गेन्ना’, ७ जानेवारीला. २५ डिसेंबर हा कामाचाच दिवस. शिवाय सणाआधीचा ४३ दिवसांचा उपवास चालू. मांस, अंडी, दूध वर्ज्य.

तरी माझा सण म्हणून सहकाऱ्यांनी मला जेवायला नेलं. समोर आली आंबोळीसारखी मऊ, आंबूस इंजेरा आणि हरभऱ्याच्या पिठाचं शिरो. थेट आपलं पिठलंच! एकाच ताटात सगळे जेवलो. मग समोर बिया भाजून केलेली कॉफी, तीन वेळा. त्यांचा उपवास मोडला नाही आणि माझा सणही बुडाला नाही.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, १९८६चा नाताळ मार्गशीर्षातल्या गुरुवारी आला होता. तुम्ही वसईला आमच्या घरी आलात, तेव्हा आईने उपवासवाल्यांसाठी सुकेळी आणि शेंगदाण्याचे लाडू वेगळे काढून ठेवले होते. कुणालाच काही सांगावं लागलं नाही.

आज कुणाच्या ताटात काय आहे, यावरून भांडणं होतात. म्हणून आपल्या मुलांना एवढं जरूर सांगू या, की पाहुण्याचा उपवास सांभाळणं हा यजमानाच्या सणाचाच भाग आहे.

आई आता नाही. ते वेगळं ताट मी भरते. यंदा नाताळला नक्की या.