नाताळची लालपत्ती
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



वेदीच्या दोन्ही बाजूंस ज्या तांबड्या कुंड्या मांडिल्या आहेत, त्यांजविषयीं चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. या झाडास आपण लालपत्ती म्हणतों, आणि तें नांव यथार्थ आहे. कारण जें तांबडें दिसतें तें फूल नसून पान होय. खरीं फुलें म्हणजे मधोमध असलेले बारीक पिवळे पुंजके.

हें झाड मूळचें मेक्सिकोंतलें. तेथील आस्तेक लोक त्याच्या पानांपासून तांबडा रंग काढीत. सतराव्या शतकांत तास्को गांवच्या फ्रान्सिस्कन संन्याशांनीं त्यास गव्हाणीच्या उत्सवांत स्थान दिलें, असें सांगतात. तेथील ख्रिस्ती लोक त्यास ‘शुभरात्रीचें फूल’ म्हणतात. शुभरात्र म्हणजे नाताळच्या आदली रात्र. पुढें अमेरिकेचे वकील जोएल पॉइन्सेट यांनीं १८२८ च्या सुमारास त्याचीं रोपें स्वदेशीं पाठविलीं, आणि झाड ‘पॉइन्सेटिया’ झालें. ज्या वकिलास परत बोलवावें अशी मागणी खुद्द मेक्सिकोनें १८२९ मध्यें केली, त्याचेंच नांव तेथल्या फुलास चिकटावें, हें मला रुचत नाहीं. असो.

माझ्या ओटीवरील कुंडी दोन वर्षें चांगली वाढली, परंतु नाताळांत हिरवीच राहिली. खत बदललें, माती बदलली, व्यर्थ! दोष ओटीवरील दिव्याचा होता. ह्या झाडास रंग धरण्यास लांब व अखंड काळोख लागतो. तास्को साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर, आपली वसई एकोणीस अंशांच्या किंचित् वर; म्हणून थंडींतल्या तेरा तासांच्या रात्रींत परसांतील झाड येथेंहि आपोआप रंगतें. दिव्याजवळची कुंडी मात्र ऑक्टोबरपासून सुमारें दोन महिने सायंकाळीं सहापासून सकाळीं आठपर्यंत काळोखांत ठेवावी, आणि दिवसां उन्हांत. मध्यें क्षणभरहि दिवा दाखवूं नये.

त्याचा चीक शेराच्या चिकासारखा डोळ्यांस व कातडीस झोंबतो, तेव्हां मुलांस जपावें. झाड प्राणघातक आहे हा समज मात्र खोटा.

सण सरला कीं पानें गळतात आणि लोक कुंडी उकिरड्यावर टाकितात. तसें करूं नका. वीतभर खोड राखून छाटावें, पाणी कमी करावें. पावसाळ्यांत मुळाशीं पाणी सांचूं देऊं नये. छाटलेल्या काठ्या चीक सुकल्यावर मातींत खोंचल्या तर त्याहि रुजतात.

माझी ती कुंडी मीं तिसऱ्या वर्षीं परसांत हलविली. वेदीच्या उजवीकडे आहे ती तीच. तिच्या काठ्या फेब्रुवारींत मजकडे मिळतील.