राखेच्या रेघा
(वसंत व्याख्यानमाला, खापरखेडा)

मंडळी, लहानपणच्या खेळांवर बोलायचं म्हटलं की समोरचे पन्नाशीपुढचे श्रोते मोबाइलला शिव्या ऐकायच्या तयारीत बसतात. त्या आज मिळणार नाहीत.

सिल्लेवाडा, वलनीच्या खाणी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्याकडे घरोघरी कोळशाची शेगडी. संध्याकाळी तिची गार झालेली राख डब्यात भरायची, डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडायचं आणि उलट्या पावलांनी चालत गल्लीभर रेघ ओढायची. सरळ रेघ ओढणाऱ्या पोट्ट्याला मान असे. ह्या आमच्या पाट्या. पुस्तकातल्या आट्यापाट्यांत पाट्या नऊ आणि एका बाजूचे गडीही नऊ. गल्लीत चारच मावत; पाचवी ओढली तर ती गटारात जाई.

पाटी धरणाऱ्यानं आपल्या रेघेवरूनच इकडेतिकडे पळायचं. उभी सूरपाटी धरणारा मात्र मधून आरपार धावतो, म्हणून खरी भीती त्याची. हाच खेळ फिलिपिन्समध्ये ‘पातिन्तेरो’. तिथंही आडव्या रेघा, तिथंही मधली उभी रेघ. ती धरणारा ‘पातोतोत’. तिकडची पोरं मातीवर पाणी ओतून रेघा काढत, म्हणून खेळाचं दुसरं नाव ‘तुबिगान’; तुबिग म्हणजे पाणी. आमच्या राखेला वारा नेई, त्यांच्या पाण्याला ऊन. दोन्हीकडे रेघ पुसट झाली की भांडण ठरलेलं. आमच्याकडचं असं: “ए बे, पाय रेघेवर होता!” “रेघ हाय कुठं?” अर्धी संध्याकाळ ह्यातच जाई, आणि मला वाटतं खेळ तोच होता. पंच नव्हता. निकाल आपसातच लावावा लागे, कारण भांडण वाढवून गडी घरी गेला तर उद्या पाटी धरायला माणूस कमी.

विटीदांडूही तिकडे आहे, ‘स्यातो’ नावानं. हरलेल्यानं तोंडातला आवाज न तोडता पळायचं. आपल्या हुतुतूचा दमच की! कोणी कोणाकडून घेतलं, ह्या वादात मी पडत नाही.

आता थोडं कडू. “आमच्या वेळी सगळे एकत्र खेळायचे,” हे खरं नाही. माझी बहीण माझ्यापेक्षा चपळ. सूरपाटीवाल्याला हुलकावणी द्यावी तर तिनंच. पण दिवेलागणीला तिला पोळ्या लाटायला हाक येई आणि आमचा डाव मात्र चालू राही. तिच्या वाट्याला दुपारचा ठिक्कर-बिल्ला, एका पायावर. त्याला खापराचा तुकडा लागतो. नावातच खापर असलेल्या गावात तो कधी कमी पडला नाही. ती आज इथं बसली आहे. मान हलवते आहे, बघा.

हल्ली मेळ्यांतून रंगवलेली विटी अन् दांडू विकायला असतात. मी घेतले नाहीत. गेलं ते लाकूड नव्हे, रस्त्यावर आपली रेघ ओढायची मुभा गेली. सिमेंटचा रस्ता झाला, त्यावर विटीसाठी गल कोरता येत नाही, भोवऱ्याची आर बोथट होते, आणि दर मिनिटाला मोटरसायकल.

गेल्या आठवड्यात मात्र आमच्या मागच्या गल्लीत विटकरीनं ओढलेल्या तीन रेघा दिसल्या. सात-आठ पोट्टे, दोन पोरी. मोटरसायकल आली की कोणी तरी ‘टाइमप्लीज’ ओरडे आणि सगळे होते तिथंच गोठत. एकीचा तर पाय हवेतच. गाडी गेली की डाव तिथूनच पुढं. हा नियम कोणी केला, म्हणून मी विचारलं.

“कोणीच नाई,” ती हवेतला पाय तसाच धरून म्हणाली, “तसंच असते. काका, रेघेवरून सरका.”